गाणे चालेल, बातमी नको : समुदाय रेडिओ आणि आपला आवाज

शाळेच्या स्मरणिकेत शाळेच्या आठवणी असाव्यात, हे रास्तच आहे. त्या या अंकात अन्य मान्यवरांनी लिहिल्या असतील. आम्ही इतिहासाचे शिक्षक असल्यामुळे आठवणींऐवजी एक अभ्यासविषय मांडण्याची मुभा संपादक मंडळाकडून मागून घेतली. विषय आहे समुदाय रेडिओ, म्हणजे एखाद्या संस्थेने आपल्या परिसरातील लोकांच्या सहभागाने, नफ्याचा हेतू न ठेवता चालवलेले छोटे प्रसारण केंद्र. राजकारण, सामाजिक न्याय आणि संगीत हे तीनही विषय ज्याच्या तोंडी असावेत, असे केंद्र नायगावसारख्या ठिकाणी असू शकते काय, आणि असल्यास त्याला काय बोलता येईल, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

बाबासाहेबांचा विचार आपण मुख्यतः छापील शब्दांतून शिकलो. ‘मूकनायक’ १९२० साली निघाला, १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’, १९३० साली ‘जनता’ आणि धर्मांतराच्या वर्षी, १९५६ साली, ‘प्रबुद्ध भारत’. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नव्हती, हा इतिहास आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. परंतु बाबासाहेब रेडिओवरही बोलले आहेत, हे अनेकांच्या ध्यानात नसते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, महायुद्धाच्या काळात, ते मुंबई केंद्रावरून भारतीय कामगार या युद्धाकडे कसे पाहतो यावर बोलले. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी दिल्लीच्या आकाशवाणीवरून त्यांनी आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नसून आपले गुरू तथागत बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहेत, हे त्यांचे प्रसिद्ध प्रतिपादन त्याच भाषणातले. मे १९५६ मध्ये ‘बीबीसी’वरून बौद्ध धम्म आपल्याला का प्रिय आहे, हे त्यांनी जगाला सांगितले. आयुष्यातील अत्यंत महत्त्वाचे विधान त्यांनी ज्या माध्यमातून केले, ते माध्यम मात्र त्यांचे नव्हते. वृत्तपत्र आपण काढू शकत होतो. रेडिओ सरकारचा होता, आणि सरकारने बोलावले तरच तेथे बोलता येत असे.

मराठवाड्याला तर रेडिओ आणि सत्ता यांचे नाते अधिक जवळून ठाऊक आहे. आपला भाग निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबादचा रेडिओ निजाम सरकारचा होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी सायंकाळी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली ती याच रेडिओवरून. पुढे ते केंद्र आकाशवाणीत विलीन झाले; मालक बदलला, पण मालकाचा रेडिओ ही कल्पना कायम राहिली. आमच्या वडिलांच्या पिढीने ऐकलेला रेडिओ ग्रामपंचायतीचा. तो चावडीवर वाजे, आणि चावडीच्या पायऱ्या कोणी कोठवर चढायच्या हे गावात ठरलेले असे. या स्मरणिकेच्या वाचकांतील वयोवृद्ध मंडळींना यावर अधिक सांगण्याची गरज नाही.

येथे आकाशवाणीविषयी न्यायाने बोलले पाहिजे. शेतीच्या सल्ल्यापासून बालसभेपर्यंत तिने ग्रामीण महाराष्ट्राला पुष्कळ दिले. शाहीर विठ्ठल उमपांसारख्या कलावंताचा आवाज घराघरांत नेण्यात तिचा वाटा मोठा आहे. मात्र कोणते संगीत ऐकण्याजोगे आणि कोणते नाही, हे ठरवणारी माणसे वेगळी होती. याचे एक उदाहरण मासलेवाईक आहे. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, बंदी होती. पेटीतून मींड निघत नाही, आपल्या श्रुती तिच्यात बसत नाहीत, असा जाणकारांचा आक्षेप होता. शास्त्रीय संगीताच्या दृष्टीने त्या आक्षेपात तथ्य असेलही. परंतु ज्यांचे सारे गाणे पेटी, ढोलकी, डफ आणि तुणतुणे यांवर उभे होते, त्यांना याविषयी कोणी विचारले नव्हते. आंबेडकरी जलशाचा सारा बहर याच तीन दशकांच्या आगेमागे येतो.

जलसा म्हणजे काय होते, हे नव्या पिढीला थोडे सविस्तर सांगावे लागते. सत्यशोधक जलशाची परंपरा आधीपासून होती. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या सुमारास ती बाबासाहेबांच्या चळवळीला जोडली. तमाशाचा साचा घेतला, पण त्यातला आशय बदलला. गणात देवाच्या जागी समाजाला वंदन आले. गवळणीची थट्टा बाजूला पडून सावकार, भटभिक्षुक आणि वेठबिगार यांवरची बतावणी आली. वगात महाडचे तळे आले, काळाराम मंदिर आले, पुण्याचा करार आला. कर्डकांचा एक जलसा म्हणजे आपल्या दहा सभा, अशा आशयाचे बाबासाहेबांचे उद्गार जुनी माणसे आजही सांगतात. निरक्षर माणसाला गोलमेज परिषदेत काय घडले हे कळत होते ते या गाण्यांतून. वामनदादा कर्डकांनी हेच काम पुढे अर्धशतक केले. १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडीला जन्मलेला, शाळेत न गेलेला हा माणूस मोठेपणी अक्षरे शिकला आणि गावोगाव फिरून हजारो गीते गाऊन गेला. त्यांची गाणी कोणत्याही केंद्राने प्रसारित करण्याआधीच लोकांच्या तोंडी होती.

आमच्या लहानपणीचे एक उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. ठरावाची बातमी रेडिओने सर्वदूर नेली. त्यानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, आणि याच नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे ४ ऑगस्टला मारले गेले. टेंभुर्णीचे नाव आम्हा मुलांच्या कानी प्रथम पडले ते गाण्यातून, जयंतीच्या रात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडात बसून ऐकलेल्या पोवाड्यातून. ठराव बातमीतून आला आणि माणूस गाण्यातून आला. म्हणून आपल्याकडे गाणे आणि बातमी असे दोन निराळे कप्पे करणे कठीण आहे. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो कायद्याशी भिडणार आहे.

कायद्याची गोष्ट क्रिकेटपासून सुरू होते. १९९३ साली कोलकात्याच्या क्रिकेट संघटनेने ‘हिरो चषक’ सामन्यांचे प्रक्षेपण परदेशी कंपनीमार्फत करावयाचे ठरवले. दूरदर्शन आणि सरकार आडवे आले. १८८५ च्या तार कायद्यानुसार प्रसारणाचा अधिकार आपलाच, असे सरकारचे म्हणणे होते. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती सरकारच्या एकाधिकारात असू नये, धनिकांच्याही एकाधिकारात असू नये, आणि तिचा उपयोग जनतेच्या हितासाठी व्हावा, हे त्या निकालाचे सार. माहिती देण्याचा आणि मिळवण्याचा अधिकार संविधानाच्या एकोणिसाव्या कलमातील भाषणस्वातंत्र्यात येतो, असे न्यायालयाने त्याचे अधिष्ठान सांगितले. न्यायमूर्ती पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांचे ते पीठ. इतिहासाच्या विद्यार्थ्याला आणखी एक योगायोग दिसेल. नोव्हेंबर १९९२ मध्ये मंडल खटल्यात इतर मागासवर्गीयांचे आरक्षण वैध ठरवणाऱ्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठातही सावंत आणि जीवन रेड्डी दोघे होते. नोकऱ्यांत वाटा आणि लहरींत वाटा, या दोन्ही निकालांवर त्यांची स्वाक्षरी आहे.

निकाल लागला तरी पाणी शेतापर्यंत यायला वेळ लागला. डिसेंबर २००२ मध्ये प्रथम शिक्षणसंस्थांना परवाने देण्याचे धोरण ठरले आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. स्वयंसेवी संस्थांना मुभा मिळाली ती नोव्हेंबर २००६ मध्ये. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, मुंबई विद्यापीठाचा ‘रेडिओ मस्ट’, बारामतीची ‘शारदा कृषी वाहिनी’, सांगली जिल्ह्यातील जालिहाळची ‘येरळावाणी’ अशी केंद्रे उभी राहिली. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या संस्थेने २००८ मध्ये ‘माणदेशी तरंग’ सुरू केले. तेथे गावच्या बाया माणदेशी बोलीत बोलतात आणि गातात. आज देशात अशी सुमारे पाचशे केंद्रे आहेत. त्यांपैकी पुष्कळ केंद्रांवर प्रवेशाच्या सूचना, सरकारी योजनांची माहिती आणि संस्थाचालकांचे सत्कार यांपलीकडे फारसे काही ऐकू येत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. नुसता परवाना हाती आला म्हणून वस्तीचा आवाज ऐकू येऊ लागतो, असे होत नाही.

ज्या केंद्राने तो आवाज खरोखर उमटवला, ते आपल्यापासून फार दूर नाही. देगलूर-बिदरमार्गे गेले की तेलंगणात जहीराबाद लागते. हा सारा मुलूख एकेकाळी आपल्याच राज्यातला. जहीराबादजवळ पस्तापूर येथे ‘डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी’ या संस्थेने बहुतांशी दलित, कोरडवाहू तुकड्यांवर राबणाऱ्या स्त्रियांचे संघम, म्हणजे गावोगावचे गट, बांधले होते. या स्त्रियांचे म्हणणे साधे होते. रेडिओवर त्यांच्या ज्वारी-राळ्याविषयी कोणी बोलत नाही. बोलतात ते विकत घ्यायच्या बियाण्याविषयी आणि खताविषयी. शिवाय जी तेलुगू बोलली जाते ती त्यांच्या घरातली नव्हे. युनेस्कोच्या साहाय्याने १९९० च्या दशकाअखेरीस माचनूर गावात केंद्राची इमारत उभी राहिली. परंतु परवाना मिळेना. तेव्हा या स्त्रियांनी काय केले? त्या ध्वनिमुद्रण करीतच राहिल्या. कॅसेट भरायची, संघमच्या बैठकीत नेऊन टेपवर ऐकवायची, चर्चा करायची, पुढची कॅसेट भरायची. सुमारे दहा वर्षे हे चालले. ‘जनरल’ नरसम्मा आणि अल्गोल गावच्या नरसम्मा या दोघी दलित तरुणी तेथील ध्वनिमुद्रण आणि संपादन सांभाळीत. अखेर १५ ऑक्टोबर २००८ रोजी, जागतिक ग्रामीण महिला दिनी, ‘संघम रेडिओ’ ९०.४ मेगाहर्ट्झवर बोलू लागला. उद्घाटनाला आले होते निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत. ज्यांनी लहरी लोकांच्या ठरवल्या, त्यांनीच त्या दलित स्त्रियांच्या हाती सोपवल्या. शेतातून परतून चूल पेटल्यावर, संध्याकाळी सातनंतर, हा रेडिओ बोलत असे.

आता आपल्या विद्यालयाच्या मैदानावर येऊ. येथे रोज सकाळी परिपाठ होतो. त्रिसरण-पंचशील, संविधानाची उद्देशिका, दिनविशेष, आणि मग एखादा विद्यार्थी वर्तमानपत्रातील ठळक बातम्या ध्वनिक्षेपकावर वाचतो. यात कोणाला काही वावगे वाटत नाही. परंतु तोच विद्यार्थी समुदाय रेडिओच्या पन्नास वॅटच्या ट्रान्समीटरसमोर बसून त्याच बातम्या वाचू लागला, तर परवान्याच्या अटींचा भंग होतो. समुदाय रेडिओला बातम्या आणि चालू घडामोडी देण्यास मनाई आहे. राजकीय स्वरूपाचे काहीही प्रसारित करता येत नाही. हवामान, बाजारभाव, परीक्षा, पाणीपुरवठा, साथीचे रोग, स्थानिक खेळ एवढे चालते. पुढे आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा, एक अक्षर न बदलता ऐकवण्याची सवलत मिळाली. म्हणजे दिल्लीत काय झाले ते नायगावला सांगता येते, नायगावात काय झाले ते नायगावला सांगता येत नाही! वृत्तपत्र कोणीही काढावे, दूरचित्रवाणीवर शेकडो वृत्तवाहिन्यांनी रात्रंदिवस भांडावे, आणि दहा-बारा किलोमीटर ऐकू जाणाऱ्या केंद्राने मात्र ग्रामसभेत काय ठरले हे सांगू नये, यामागचे तर्कशास्त्र आम्हाला उमगलेले नाही. ‘कॉमन कॉज’ या संस्थेने २०१३ मध्ये या बंदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती.

बंदीचे समर्थन करणारे म्हणतात की गावपातळीवर रेडिओ चुकीच्या हाती गेला तर द्वेष पसरेल. ही भीती पोकळ नाही. १९९४ साली रवांडात एका खाजगी रेडिओने तुत्सी लोकांच्या कत्तलीला चिथावणी दिली होती. त्याच्या चालकांना पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने शिक्षा केल्या. परंतु द्वेष पसरवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यासाठी स्वतंत्र कायदे आहेत. प्रत्येक कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवण्याचे बंधन समुदाय रेडिओवर आहेच. म्हणजे बोललेला शब्द पुराव्यासह सापडतो. भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या अफवेला मात्र ना मालक सापडतो, ना पत्ता.

या नियमाचा आपल्या दृष्टीने अर्थ काय, हे पाहण्यासाठी दोन घटना पुरेशा आहेत. मे २०१५ मध्ये शिर्डीत मोबाईलवर वाजलेल्या भीमगीताच्या रिंगटोनवरून वाद झाला आणि त्यात आपल्या समाजातील एका तरुणाचा जीव गेला. १ जून २०२३ रोजी नांदेडलगतच्या बोंढार हवेली येथे आणखी एका तरुणाची हत्या झाली. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता, असा आरोप फिर्यादीत नोंदवला गेला. समजा, तेव्हा या जिल्ह्यात आपला समुदाय रेडिओ असता. त्याला ते भीमगीत वाजवता आले असते. ते गीत वाजवल्याबद्दल माणूस मारला गेला, हे सांगता आले नसते. आणि पोवाड्यातून सांगितले तर? पोवाडा संगीतात मोडतो की राजकारणात, हे ठरवणारा अधिकारी त्या दिवशी कोण असेल, यावर सारे अवलंबून राहिले असते. ‘गाणे चालेल, बातमी नको’ हा नियम ज्यांनी केला, त्यांनी जलसा ऐकलेला नसावा.

जगात इतरत्र हा प्रश्न असा सोडवलेला नाही. अमेरिकेत १९४९ च्या एप्रिलमध्ये बर्कले येथे ‘केपीएफए’ हे केंद्र सुरू झाले. ते जाहिरातींऐवजी श्रोत्यांच्या वर्गणीवर चालते, आणि त्यावर राजकीय चर्चा, युद्धविरोध, नागरी हक्क आणि लोकसंगीत एकाच दिवसाच्या कार्यक्रमात नांदत आले. त्याच वर्षी अटलांटा शहरात ‘डब्ल्यूईआरडी’ हे केंद्र जेसी ब्लेटन या कृष्णवर्णीय गृहस्थाने विकत घेतले. कृष्णवर्णीयांच्या मालकीचे ते अमेरिकेतील पहिले रेडिओ केंद्र. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेचे कार्यालय त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर होते. किंग यांना काही जाहीर करावयाचे असले की ते झाडूच्या दांड्याने छत ठोकीत आणि वरून निवेदक खिडकीतून मायक्रोफोन खाली सोडी, अशी आठवण सांगितली जाते. गाण्याच्या मध्येच मोर्चाची वेळ जाहीर होई, आणि पुन्हा गाणे सुरू होई. आपल्या जलशाला हे मुळीच परके वाटले नसते.

मोबाईल असताना रेडिओ कशाला, असे तरुण विचारतील. भीमगीते मोबाईलवर हवी तेवढी मिळतात, हे खरे. त्यांचे गायक आज लाखो श्रोत्यांपर्यंत पोचतात, याचा आम्हालाही आनंद आहे. परंतु कोणते गाणे वर आणायचे हे दूरदेशीची कंपनी ठरवते, आणि मांजरमच्या आजीची ओवी तिच्या हिशेबात कधीच येत नाही. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या वस्तीतील स्त्रियांनी जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गाइल्या, त्या १९९६ मध्ये गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या चमूने मुद्रित केल्या म्हणून उरल्या. महाराष्ट्रभरातून त्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आपल्या तालुक्यातील किती ओव्या गाणारणीबरोबर गेल्या, त्याची मोजदाद नाही. शिवाय रेडिओला रोजचा डेटा लागत नाही. साध्या बटणाच्या फोनवरही तो ऐकू येतो आणि शेतात वाकलेल्या माणसाला नजर त्याच्याकडे ठेवावी लागत नाही.

आपल्यासारख्या संस्थेला हे शक्य आहे काय? नियमांनुसार मान्यताप्राप्त शिक्षणसंस्था आणि किमान तीन वर्षे नोंदणी व काम असलेली संस्था अर्ज करू शकते. व्यक्तीला आणि राजकीय पक्षाला परवाना मिळत नाही. मनोरा तीस मीटरपर्यंत, निम्मे कार्यक्रम तरी स्थानिकांच्या सहभागातून, भाषा शक्यतो परिसराची. नायगावला उभारलेल्या केंद्राच्या टप्प्यात नरसी, घुंगराळा, मांजरम या बाजूंची गावे येतील. येथील मराठीत तेलुगू आणि उर्दू अशी मिसळलेली आहे की पुण्याच्या निवेदकाला ती वाचून दाखवता येणार नाही. तेथे आपलीच मुले लागतील. खर्च आहे, परवान्याची वाट पाहणे आहे, आणि बातम्यांच्या बंदीशी रोजची झटापट आहे. संचालक मंडळाने याचा विचार करावा, अशी विनंती आम्ही या लेखाद्वारे करीत आहोत.

परवान्यासाठी मात्र थांबण्याचे कारण नाही. माचनूरच्या स्त्रिया दहा वर्षे थांबल्या नाहीत. या उन्हाळी सुट्टीत आठवी-नववीचे विद्यार्थी घरी जातील तेव्हा प्रत्येकाने आजी-आजोबांचे एक गाणे, एक ओवी आणि नामांतराच्या दिवसांतील एक आठवण फोनवर ध्वनिमुद्रित करून आणावी, असे आम्ही इतिहासाच्या तासाला सांगितले आहे. माजी विद्यार्थ्यांच्या घरी जुन्या जयंत्यांच्या, जलशांच्या, गायन पार्ट्यांच्या कॅसेट असतील. पट्टी चिकटण्यापूर्वी त्या विद्यालयात आणून द्याव्यात, नक्कल करून परत मिळतील. प्रत्येक ध्वनिमुद्रणाबरोबर एका कागदावर गाणाऱ्याचे नाव, गाव, अंदाजे वय, गाणे कोणाकडून शिकले ते, आणि ते पुढे इतरांना ऐकवण्यास गाणाऱ्याची संमती आहे की नाही, एवढे लिहून घ्यावे. जिथे सही येत नसेल तिथे संमतीही गाणाऱ्याच्या आवाजातच मुद्रित करावी.